किशोरीची होरी भाषा

आमच्या गावात किशोरीचा विषय निघाला की लोक म्हणतात, "हुशार होती." ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. पोरगी चालतीबोलती आहे, माझ्याच शाळेत शिकवते, मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी बसून डबा खाते, आणि हे तिला 'होती' करून मोकळे. एकदोघांना मी तोंडावर झापलंही आहे. पण घरी आल्यावर वाटतं, मी तरी सांगायला बसले की कुठली किशोरी सांगते? जी होती, तीच.

आमचा कोळीवाडा आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. शाळेच्या ओट्यावर उभं राहिलं की दिघीला जाणारी फेरीबोट दिसते, आणि ओहोटीला खाडीच्या मधोमध वर येणारी खडकाळ पुळण दिसते. त्या पुळणीवर गावच्या बाया खडकाला चिकटलेली कालवं फोडायला आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला जातात. किशोरीची आई केसर त्यांतलीच एक. नवरा गेल्यावर तिने मुरूडच्या बाजारात टोपली घेऊन बसून दोन मुलं वाढवली. थोरला निकेश होडीवर, धाकटी किशोरी कॉम्प्युटर शिकायला अलिबागला. पुढे ती नवी मुंबईत कुठल्याशा कंपनीत लागली. तिथे काय करायचीस असं मी विचारलं तर म्हणाली, "बाई, लोक पासवर्ड विसरायचे आणि मला शिव्या द्यायचे." आमच्या शाळेत कंत्राटी कॉम्प्युटर शिक्षिकेची जागा निघाली तशी ती परत आली. मी तिथे मराठी शिकवते, आणि पाचवीत असताना ती माझ्याच वर्गात होती, म्हणून मी तिची 'बाई'.

ती आली त्या वर्षी मुंबईच्या एका संस्थेने शाळेला छोटे शैक्षणिक कॉम्प्युटर भेट दिले. कॉम्प्युटर म्हणजे बिस्किटाएवढी पाटी. तिच्यावर बारके दिवे, दोन बटणं, एक चिमुकला स्पीकर. शाळेतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर हुकूम लिहायचे, वायरने पाटीत उतरवायचे, मग पाटी एकटी, बॅटरीवर, तेवढंच करत राहते. हुकूम लिहायची भाषा अर्थातच इंग्रजी शब्दांची. इफ, एल्स, व्हाइल, ट्रू, फॉल्स. मुलं पुस्तकातून बघून बघून टाइप करायची. दिवे लागायचे, मुख्याध्यापक फोटो काढायचे, संस्थेला पाठवायचे. सगळे खूश.

किशोरी खूश नव्हती. तिने एकदा वर्गात विचारलं, व्हाइल म्हणजे काय? पोरं पुस्तकात शोधायला लागली. मग शुभम नावाचा एक नाखव्याचा मुलगा म्हणाला, "टीचर, ते लिवलं की लाइट चालू होते." मधल्या सुट्टीत तिने मला ते सांगितलं तेव्हा हसली नाही. म्हणाली, "बाई, हे मंत्र म्हणतायत. नोकरीत मीपण तेच करत होते."

त्या दिवाळीच्या सुट्टीत ती घराबाहेर पडली नाही. सुट्टी संपल्यावर तिने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. तिने एक दुभाष्या लिहिला होता. आपण आपल्या शब्दांत लिहायचं, दुभाष्या ते पाटीला कळेल असं करून देणार. ते शब्द वाचून मला हसू फुटलं, कारण ती शाळेची मराठी नव्हतीच. ती कोळीवाड्याची बोली होती. खरं असेल तर 'हाय', खोटं असेल तर 'न्हाय'. एल्सला 'न्हायतर'. व्हाइलला 'जवर', म्हणजे जोवर. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करायची तर काय शब्द घ्यावा, यावर वर्गात म्हणे दोन दिवस भांडण चाललं, आणि शेवटी पोरांनी 'वल्हव' ठरवला, कारण वल्हवताना तेच तेच करायचं असतं. 'वल्हव दहा' म्हटलं की काम दहा वेळा होणार. भाषेचं नावही पोरांनीच ठेवलं. होडीला त्यांच्या घरी होरी म्हणतात, म्हणून होरी.

मी मराठीची शिक्षिका. आयुष्यभर पोरांचं 'न्हाय' खोडून 'नाही' करण्यात माझ्या किती लाल पेनांची शाई गेली. आणि आता तेच 'न्हाय' टाइप करून शुभमने पाटीचे दिवे विझवले, आणि का विझले ते वर्गाला समजावूनही सांगितलं. मला आनंद झाला, हे सरळ सांगते. असा आनंद शाळेत फार वेळा होत नाही.

विरोध झाला तो घरांतून. पालकसभेत बायांनी धरलं तिला. आमचं बोलणं ऐकून बाजारात गिऱ्हाइकं नाक मुरडतात, तेच तू पोरांना मशीनवर शिकवणार, मग इंग्लिश कधी शिकायचं? सगळ्यात मोठा आवाज, शाळेत पोर नसतानाही आलेल्या केसरचा. "मी टोपल्या वायल्या त्या हिनं आमचंच बोलनं मशीनला शिकवायला काय?" किशोरी बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आयेला एकदा पटलं ना बाई, की मग बाकीच्यांचं मी बघते." तिला तेवढंच हवं होतं. पाटी आपली आहे, आपल्या शब्दाला जागते, हे आईला पटायला हवं होतं.

ते पटवायला तिने पाणी निवडलं.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला कोणी फोन बघत नाही. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जितके येतील तितके वाजता भरती. चौथ असेल तर तीन वाजता. तिथून सहा तासांनी ओहोटी पुरी होऊन पाणी पुन्हा फिरतं. कोळीवाड्यातली सर्वांत म्हातारी बाई येसूबाई हा हिशेब तंबाखू मळता मळता करते. किशोरीने तिला वर्गात आणून बसवलं आणि पोरांकडून तो हिशेब होरीत लिहून घेतला. पहिल्या दिवशी पाटी कुठलीही तिथी दिली तरी बाराच वाजले म्हणायची. येसूबाई म्हणाली, "तुमच्या मशीनचा दर्या काय सरकारी नोकर हाय, रोज बारालाच येतंय?" घोटाळा असा होता की पाटीला फक्त पूर्ण आकडे कळायचे. पोरांनी आधी तीनाला चाराने भागलं होतं, त्या पाऊणचा पाटीने शून्य केला होता, आणि शून्य वाजले म्हणजे बारा. आधी तिथीला तीनाने गुणा, त्याचे तास मोडून मिनिटं करा, चाराने भागा सगळ्यांत शेवटी. हे पोरांनी स्वतः शोधलं. येसूबाईने प्रत्येकाच्या गालावरून हात फिरवला.

मग किशोरीने पाटीत आपला आवाज भरला. पाणी फिरायच्या वेळेला पाटी बोलणार, "पानी फिरलंय, चला बायांनो." लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरण्यांत पाट्या बसवल्या, झाकणं घट्ट लावली, आणि बाया पुळणीवर जाताना एकेक बरणी घेऊन जायला लागल्या. बांबू रोवायचा, त्याला बरणी टांगायची, आणि मान खाली घालून कालवं फोडायची. रोज सकाळी शाळेतलं कोणीतरी येसूबाईला तिथी विचारून प्रत्येक पाटीत ती बटणाने बसवायचं. बरण्या मग घरोघर जायच्या.

पहिले काही दिवस बायांनी थट्टा केली. किशोरी घरी आयेला पानी विचारते नि मशीनमधून आयेलाच सांगते, असं म्हणायच्या. पण बरणी वेळेवर बोलायची. बोलायची तीही त्यांच्यासारखी. बाया तिला उत्तरं द्यायला लागल्या. "चल्लो, चल्लो, वरडू नको." केसर तर बरणीला 'माजी पोर' म्हणायची. बाजारात गिऱ्हाइकांना सांगायची, माझ्या मुलीने मशीनला आमची भाषा शिकवली. ज्या गिऱ्हाइकांपुढे ती तोंड सांभाळून बोलायची, त्यांना. मी स्वतः ऐकलंय, माझ्यासमोर तिने एका बंगलेवालीला ऐकवलं. किशोरीला ते सांगितलं तर ती डबा तसाच ठेवून बाहेर गेली आणि डोळे पुसून आली.

मे महिन्याची सुट्टी लागली. शाळा बंद, पोरं मामाच्या गावी. रोज सकाळी घरोघर फिरून तिथी बसवायला एकटी किशोरी कुठवर पुरणार? बाया म्हणाल्या, बरण्या कपाटात घालू नको, आता त्यांच्याशिवाय चुकल्यासारखं वाटतं. किशोरीने होरीत भर घातली. पाटी आता रोज पहाटे आपणच तिथी एकाने पुढे नेणार. मधे एखादी तिथी गळते, तेव्हा दोन पुढे जायला हवं. त्यासाठी तिने एक बटण ठेवलं आणि बायांना दाखवलं. तिथी गळते हे कोळीवाड्यात सगळ्यांना माहीत. त्या दिवशी सगळे एकमेकांना सांगतात, गळली रे आज, गळली. बाया न चुकता बटण दाबायच्या.

पण तिथी दुपटतेही. एकच तिथी दोन दिवस राहते. ते कोणी कोणाला सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नसतं. काल तीज होती, आजही तीजच, मग हिशेब कालच्याच वेळेवर थांबवायचा, एवढंच. ते बायांच्या पायांना माहीत होतं, तोंडावर कधी आलं नव्हतं. किशोरीने लहानपणापासून तोंडावर आलेलं सगळं ऐकलं होतं. पाण्यात ती कधी गेली नव्हती. केसरनेच जाऊ दिलं नव्हतं, तिला शिकायला धाडलं होतं. त्या सुट्टीत तिथी एकदा दुपटली, तेव्हा पाणी संथ चढायचे दिवस होते, पाऊण तासाचा फरक कोणाला जाणवला नाही; आणि वैशाखी पौर्णिमेनंतर ती पुन्हा दुपटली. बरण्या दोन तिथी पुढे गेल्या. दोन तिथी म्हणजे दीड तास उशीर.

त्या सकाळी उधाणाचं पाणी होतं. ओहोटीला पाणीही नेहमीपेक्षा खूप खाली गेलं होतं, आणि बाया पुळणीच्या पार टोकाला होत्या. पुळण आणि किनारा यांच्यामध्ये एक चर आहे. पाणी फिरलं की पुळण कोरडी असतानाच तो चर आधी भरतो. एका बाईला पाठीमागे चर चमकताना दिसला. तिने हाक दिली. बाया टोपल्या टाकून निघाल्या, कोणी कमरेएवढ्या पाण्यातून, कोणी छातीएवढ्या. त्या बायांनीच नंतर मला सांगितलं, केसर टोकाला बसलेली होती, तिला दोनदा हाक मारली. ती उठली नाही. गुडघा दुखायचा तिचा, उगाच उठबस नको वाटायची. ती तिथूनच ओरडून म्हणाली, "जावा तुमी. माजी पोर अजून बोलली न्हाय."

निकेश होडी घेऊन पोचला तेव्हा पुळण बुडालेली होती. फक्त बांबूचं टोक वर होतं, आणि बरणी पाण्यावर तरंगत दोरीला ओढ देत होती. त्याने मला हे एकदाच सांगितलं, माझ्याकडे न बघता. तो आईला हाका मारत वल्हवत होता, आणि बरणी बोलली. पानी फिरलंय, चला बायांनो. त्याला क्षणभर वाटलं, बहीण मागून आली.

केसर संध्याकाळी जेट्टीच्या बाजूला सापडली.

किशोरीला चूक शोधायला वेळ लागला नाही. आईचं दिवसकार्य झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, आणि तिला कळलं. मी तिच्याजवळ बसले होते. ती रडली नाही. उठली आणि घरोघर गेली. प्रत्येक ओट्यावर उभं राहून सांगितलं, तिथी दुपटली होती, मी ते लिहिलं नव्हतं, आयेला मी मारलं. मी मागे मागे फिरत होते. मला वाटत होतं कोणीतरी तिला शिव्या देईल, एखादी बाई अंगावर धावून येईल, म्हणजे ही मोडेल आणि रडेल. पण बाया म्हणाल्या, पान्याचा भरवसा नसतो बाय. पुरुष म्हणाले, व्हनारं व्हतं. माझा इतका संताप झाला त्या समजूतदारपणाचा, सांगता येत नाही. लेकराने पदर पसरून शिक्षा मागावी आणि सगळ्यांनी चहा पुढे करावा.

येसूबाई तेवढी बोलली. "दुपटली तर आमी थांबतो. यात सांगायचं काय व्हतं? तू इचारलंस कुटं?"

किशोरी म्हणाली, "आज्जे, काय इचारायचं ते मला ठावंच नव्हतं."

जूनमध्ये शाळा उघडली. किशोरीने दुभाष्या सगळ्या कॉम्प्युटरवरून पुसून टाकला आणि पुस्तकातली इंग्रजी भाषा शिकवायला सुरुवात केली. पोरांनी विचारलं, तर म्हणाली, परीक्षेला हेच येणार. मुख्याध्यापक खूश झाले. माझ्या कल्पनेपेक्षा लवकर पोरं विसरली. शुभम आता व्हाइल लिहितो, दिवे लागतात, का लागतात ते मी त्याला विचारत नाही.

पुण्याहून एका कॉलेजच्या माणसाचा फोन आला होता. बोलीतल्या प्रोग्रामिंगवर त्यांना काम करायचं होतं, होरी कशी बनवली ते हवं होतं. किशोरीने सांगितलं, अशी काही भाषा नाही. मी तिथेच होते. तिने फोन ठेवल्यावर मी चिडले. म्हटलं, अगं, चूक भाषेची नव्हती, एका तिथीची होती. दोनचार ओळी घाल, दुपटल्यावर थांब म्हणून सांग त्या पाटीला, काम झालं. आई परत यायची नाही, पण एवढं केलंस ते तरी का बुडवतेस?

तिने माझ्याकडे पाहिलं. असं थकलेलं माणूस मी त्या वयाचं पाहिलं नव्हतं. म्हणाली, "दुपटल्याचं कळलं, बाई. वाऱ्याने पाणी लवकर चढतं का? खाडीत गाळ साचला की चर लवकर भरतो का? अजून काय काय मला कोणी सांगितलेलं नाही, ते मी कोणाला विचारू? कुठल्याही इंग्रजी मशीनवर आयेने विश्वास ठेवला नसता. ती उठली असती. ते तिच्यासारखं बोललं म्हणून ती बसून राहिली."

चांगली गोष्ट करायला गेलेल्या माणसाला काय सांगायचं असतं, ते कुठल्याच पुस्तकात मला मिळालं नाही, आणि मी पुस्तकंच शिकवते.

नारळी पौर्णिमा झाली, दर्या निवळला, आणि बाया पुन्हा पुळणीवर जायला निघाल्या. त्याच्या आदल्या दिवशी चारपाच जणी किशोरीच्या दारात आल्या. मला वाटलं सांत्वनाला. त्या बरण्या मागायला आल्या होत्या. त्यांत अमिषा होती, निकेशची नवी नवरी, केसर होती तेव्हाच लग्न होऊन आलेली. ती डोंगरापलीकडच्या गावची, कालवं फोडायला इथे येऊनच शिकली, आणि शिकली ती बरणीसोबत. ती म्हणाली, "ताई, आमाला पानी बघायची सवयच न्हाय राहिली. मान खाली घातली की तुमच्या आवाजाची वाट बघतो." जुन्या बायांनीही माना हलवल्या. ज्यांच्या पायांना सगळं माहीत होतं, त्यांनीही.

किशोरीने बरण्या दिल्या नाहीत. पाट्या तिने शाळेच्या कपाटात ठेवून किल्ली मुख्याध्यापकांकडे दिली होती. बाया कुरकुरत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुळणीवर गेल्या, बरणीशिवाय, आणि किशोरी शाळेत आली नाही. ती किनाऱ्यावर उभी होती.

तेव्हापासून हे असंच चाललंय. उधाणाच्या दिवसांत, ओहोटी सकाळची असली की ती पहिले तास बुडवते. मुख्याध्यापकांनी दोनदा ताकीद दिली, पुढच्या वर्षी तिचं कंत्राट वाढेल असं मला वाटत नाही. ती चराच्या काठाला उभी राहते आणि पाण्याकडे एकटक बघते. तिला ते वाचता येत नाही. येसूबाईने एकदा तिच्या शेजारी उभं राहून, हे बघ, आता फिरलं, असं दाखवायचा प्रयत्न केला. किशोरीला नुसतं पाणी दिसलं. ते वयाच्या आठव्या वर्षी पायाने शिकायचं असतं म्हणे. त्यामुळे ती भीतीने ठरवते. जरा पाणी हललं की ओरडायला लागते, आये गेली त्या टोकाकडे तोंड करून, घसा बसेपर्यंत.

सुरुवातीला बाया तिच्या हाकेला उठायच्या. मग बघायच्या तर पाणी खूप लांब, तास दीड तास फुकट गेलेला. परवा मी तिला शाळेत न्यायला गेले होते, तेव्हा ती ओरडत होती. पुळणीवर अमिषा होती, बाकीच्याही होत्या. एकीनेही मान वर केली नाही.